सीडरची पेटी : वास, कसर आणि एक जीवघेणा खटका

झाकण उघडताच दरवळणारा गोडसर, किंचित उग्र वास ही सीडरच्या पेटीची ओळख. या वासाने कसर पळते, लोकरीच्या शाली आणि रेशमी साड्या वर्षानुवर्षे सुरक्षित राहतात, असा समज आहे. अमेरिकेत अशा पेटीला एकेकाळी लग्नाच्या तयारीत मानाचे स्थान होते. मुलगी वयात आली की तिच्यासाठी पेटी घेतली जाई आणि संसाराला लागणारे कपडे, चादरी, विणकाम त्यात साठवले जाई. ही प्रथा आता मागे पडली असली, तरी पेट्या टिकून आहेत. जुन्या सामानाच्या विक्रीत त्या आजही सहज मिळतात आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरातही येतात. मात्र अशी पेटी घरात आणण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. वासावर फार भिस्त ठेवता येत नाही, ही पहिली. काही जुन्या पेट्यांचे कुलूप लहान मुलांच्या जिवावर बेतू शकते, ही दुसरी आणि अधिक महत्त्वाची.

नावातील गोंधळ

ज्याला अमेरिकेत 'रेड सीडर' म्हणतात तो वृक्ष वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सीडर नाहीच. 'जुनिपेरस व्हर्जिनियाना' हे त्याचे शास्त्रीय नाव. म्हणजे तो जुनिपर कुळातला. त्याचे लाकूड मऊ आणि सरळ सोलले जाणारे असल्याने पूर्वी पेन्सिलीही त्याच्याच बनत. जुन्या पेन्सिलीला टोक करताना येणारा वास आठवत असेल, तर सीडरच्या पेटीचा वास वेगळा सांगायला नको.

खरा सीडर म्हणजे आपला हिमालयातील देवदार, 'सीड्रस देवदारा'. काश्मीर व हिमाचल प्रदेशात घरे, मंदिरे आणि पूल यांसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. त्याच्या लाकडातही सुगंधी तेल असते. मराठीत मात्र 'देवदार' हा शब्द सैलपणे वापरला जातो. माल भरण्याच्या स्वस्त खोक्यांनाही आपल्याकडे 'देवदारी खोकी' म्हणतात आणि त्यांचे लाकूड बहुधा साधे पाइनचे असते. त्यामुळे 'देवदारची पेटी' म्हणून कोणी काही विकत असेल, तर नावावर न जाता लाकूड पाहावे.

वास किती उपयोगाचा?

कपडे खाते ती कसरीची अळी, पतंग नव्हे. पतंग केवळ अंडी घालतो. अळीचे खाद्य लोकर, रेशीम, केस, पिसे असे प्राणिज पदार्थ. स्वच्छ सुती कापडाकडे ती सहसा फिरकत नाही. पण त्यावर घाम किंवा अन्नाचे डाग असतील, तर तेही सुरक्षित नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९२२ मध्ये रेड सीडरच्या पेट्यांवरील प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला होता. चांगल्या, घट्ट बसणाऱ्या पेटीत नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या अळ्या मरतात. अंडी, वाढलेल्या अळ्या आणि पतंग यांच्यावर मात्र पेटीचा भरवसा धरता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अर्थात, कसर लागलेली शाल पेटीत ठेवली तर ती तिथेही खाल्ली जाणार. शिवाय लाकडातील तेल हळूहळू उडून जाते. काही वर्षांनी वास मंदावतो आणि त्याबरोबर किडींना मारण्याची ताकदही. तेव्हा सीडरच्या पेटीचा मोठा गुण तिच्या घट्ट झाकणात आहे. बाहेरचा पतंग आत शिरू नये, हे काम ती वास गेल्यावरही करू शकते.

निवडताना काय पाहावे?

पेटीचे झाकण बंद करून चारही बाजूंनी फट आहे का, ते तपासावे. कागदाची पट्टी झाकणात धरून ओढली असता ती सहज सुटत असेल, तर पतंगाला वाट आहे असे समजावे. आतील फळ्या लालसर-तपकिरी असाव्यात. हा रंग गाभ्याच्या लाकडाचा असतो आणि वास व तेल त्यातच असते. पांढरट पट्टे जितके जास्त, तितका उपयोग कमी. काही पेट्यांत सीडरचा केवळ पातळ थर चिकटवलेला असतो, तर बाहेरच्या बाजूला बहुतेक वेळा अक्रोड किंवा महोगनीचे व्हिनियर असते. हा थर किती जाड आहे हे कडेने पाहून घ्यावे, कारण पुढे घासाघाशी किती करता येईल हे त्यावर ठरते.

पेटी उलटी करून तळ पाहावा. बारीक भोके आणि त्याखाली ताजी पिठासारखी भुकटी दिसली, तर लाकूड पोखरणारी कीड जिवंत असण्याची शक्यता असते. काळे डाग व कुबट वास ओल लागल्याचे सांगतात. बिजागऱ्या ढिल्या असतील तर त्या बदलता येतात. वाकलेले झाकण सरळ करणे मात्र अवघड.

व्हर्जिनिया राज्यातील अल्टाव्हिस्टा येथे १९१२ मध्ये स्थापन झालेल्या 'लेन' कंपनीच्या पेट्या बाजारात सर्वाधिक दिसतात. त्यांच्या तळावर क्रमांक छापलेला असतो. तो उलट्या क्रमाने वाचला की निर्मितीची तारीख मिळते. उदाहरणार्थ, ०५४१५० हा क्रमांक उलटा वाचल्यास ०५-१४-५० असा होतो. अमेरिकी पद्धतीने महिना आधी धरल्यास ती तारीख १४ मे १९५० ठरते.

सर्वांत आधी खटका काढा

तारीख पाहणे ही केवळ हौशीची बाब नाही. १९१२ ते १९८७ या काळात बनलेल्या लेनच्या पेट्यांना असा खटका होता, की झाकण पडताच तो आपोआप अडके आणि फक्त बाहेरून बटण दाबूनच उघडे. लपाछपी खेळताना आत शिरलेल्या मुलाला झाकण आतून उघडणे अशक्य. त्यात कसर आत येऊ नये म्हणून झाकण घट्ट; म्हणजे हवाही फारशी नाही. मुले गुदमरून दगावल्यानंतर १९९६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुढाकाराने सुमारे १ कोटी २० लाख पेट्यांची कुलपे बदलण्याची मोहीम जाहीर झाली. तरीही अनेक पेट्या जुन्याच कुलपासह राहिल्या. जानेवारी २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील फ्रँकलिन येथे सात आणि आठ वर्षांच्या भावंडांचा अशाच एका जुन्या पेटीत मृत्यू झाला.

जुनी पेटी दोन-तीन हातांतून आलेली असते. आधीच्या मालकाने कुलूप बदलले असेल, असे गृहीत धरू नये. पेटी कोणत्याही कंपनीची असो, घरी आणताच झाकण रिकाम्या पेटीवर बंद करून पाहावे. ते आपोआप अडकत असेल, तर पेचकसाने खटक्याचे स्क्रू काढून तो त्याच दिवशी वेगळा करावा. सफाई, पॉलिश हे सारे नंतर. आपल्याकडील जुन्या पेट्यांना बाहेरून कडी-कोयंडा असतो. त्या झाकण पडल्याने अडकत नसल्या, तरी कडी कोणी बाहेरून लावू शकते आणि जड झाकण डोक्यावर किंवा बोटांवर आदळण्याचा धोकाही असतोच. झाकण हव्या त्या ठिकाणी थांबवणारा टेकू बसवणे म्हणूनच शहाणपणाचे.

आतील सफाई

पेटी रिकामी करून सांधे आणि कोपरे व्हॅक्यूम क्लीनरने किंवा मऊ ब्रशने साफ करावेत. कसरीची अंडी आणि कोष कोपऱ्यांतच असतात. त्यानंतर किंचित ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने आतील लाकूड पुसून झाकण उघडे ठेवून पेटी दोन-तीन दिवस हवेशीर जागी वाळू द्यावी. पाणी ओतून धुणे टाळावे. लाकूड फुगते आणि सांधे सुटतात. कुबट वास राहिला, तर वाटीत खाण्याचा सोडा किंवा कोळसा ठेवून झाकण काही दिवस बंद ठेवावे. मुंबई-कोकणातील दमट हवेत हे काम पावसाळ्यापूर्वी केलेले बरे.

कधीकधी आतल्या फळ्यांवर चिकट थेंब दिसतात. ते लाकडातूनच पाझरलेले राळेसारखे द्रव्य असते. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने ते पुसता येते. मात्र खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळपास ज्योत नसावी.

वास परत आणताना

मंदावलेला वास परत आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आतील लाकूड बारीक पॉलिश पेपरने, रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने घासणे. वरचा कोरडा थर निघाला की खालचे तेलकट लाकूड उघडे पडते. १५० ते २२० क्रमांकाचा पेपर पुरतो. नाकातोंडावर मास्क हवा, कारण ही धूळ श्वसनाला त्रासदायक असते. थर पातळ असेल, तर ही घासणी एखाद्-दुसऱ्या वेळेपलीकडे नेऊ नये. बाजारात मिळणारे सीडरचे तेल लावता येते. पण ते पूर्ण वाळेपर्यंत आत कपडे ठेवू नयेत, डाग पडतात.

आतून वार्निश, पॉलिश किंवा रंग मात्र कधीही लावू नये. त्याने लाकडाची छिद्रे बुजतात आणि वास कायमचा कोंडला जातो. बाहेरच्या पृष्ठभागाला सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने पुसून नंतर मेण लावले की बहुतेक वेळा पुरते. बाहेरून जुना रंग असेल, तर तो खरवडण्याआधी थांबावे. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या रंगाची धूळ मुलांसाठी घातक ठरू शकते.

कपडे ठेवताना

कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवावेत. लोकरी कपड्यांत कसरीची शंका असल्यास ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवणे हा कोणत्याही वासापेक्षा खात्रीचा उपाय. लाकडातील तेल व आम्लामुळे कालांतराने कापड पिवळे पडते. म्हणून पैठणी, शालू किंवा जरीची शाल लाकडाला थेट टेकू न देता धुतलेल्या, बिनरंगी मलमलीत गुंडाळावी आणि दर काही महिन्यांनी घडी मोडून नव्याने घालावी. त्याच घडीवर रेशीम तुटते. जुनी छायाचित्रे आणि प्लास्टिकच्या वस्तू या पेटीत ठेवू नयेत.

डांबरगोळ्यांची गरज तर नाहीच. त्यांतील नॅप्थलीन 'जी६पीडी' या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करू शकते. त्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी न धुता बाळाला वापरणे म्हणूनच धोक्याचे.

थोडक्यात, सीडरची पेटी ही चांगली साठवण आहे, औषध नव्हे. स्वच्छ कपडे, घट्ट झाकण आणि वर्षातून दोनदा सारे उलगडून पाहण्याची सवय एवढे असेल, तर वास गेलेली पेटीही आपले काम चोख करते. फक्त पहिल्या दिवशी खटका काढायला विसरू नये.