दोनशे पानी वही ते चार कोटी ओळी

१९ जुलै २०२४. शुक्रवारची सकाळ. देशातल्या काही विमानतळांवर प्रवाशांच्या हाती चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडू लागले. जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थिजले होते. ना कुणी हल्ला केला होता, ना कुठे आग लागली होती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक फाइल सदोष निघाली, एवढेच. पण ती वाचणारा भाग विंडोजच्या थेट गाभ्यात बसून काम करत होता.

या गाभ्याला म्हणतात कर्नेल. लष्करातला कर्नल नव्हे. बदामाच्या टणक कवचात असतो तसा हा आतला गर. एकत्र कुटुंबातल्या कर्त्या माणसासारखे त्याचे काम. कुणाला किती जागा, कुणाची पाळी आधी, कोणत्या कपाटाला कोण हात लावणार, हे सगळे तोच ठरवतो. एखादा साधा प्रोग्राम कोलमडला, तर तो एकटाच बंद पडतो. कर्ताच कोसळला, की अवघे घर थांबते.

आणि हा कर्ता फार जाडजूड होत चालला आहे! हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने सप्टेंबर १९९१ मध्ये 'लिनक्स' हा कर्नेल सर्वांसाठी खुला केला, तेव्हा त्यात सुमारे १० हजार ओळी होत्या. पानाला ५० ओळी धरल्या, तर एक दोनशे पानी वही. मन लावून बसलेला विद्यार्थी ती सुटीत वाचून संपवील. १९९४ साली ओळी झाल्या पावणेदोन लाखांच्या वर. २०२५ च्या आरंभी त्यांनी चार कोटींचा टप्पा ओलांडला. म्हणजे चार हजार वह्या! आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही हाच.

यातला निम्म्याहून अधिक भाग 'ड्रायव्हर'चा, म्हणजे निरनिराळ्या यंत्रांशी बोलणाऱ्या दुभाष्यांचा आहे. आपल्या संगणकाला त्यातले मोजकेच लागतात. म्हणून नुसत्या आकाराला घाबरण्याचे कारण नाही. खरा घोर आहे तो गुंतागुंतीचा. शंभर सुट्या बंगल्यांत कुठे काय बिघडले ते कळते. पण दहाच बिऱ्हाडांच्या जुन्या वाड्यात विजेच्या तारा एकमेकींतून गेल्या असतील, तर एकाने भिंतीत खिळा ठोकला की दुसऱ्याकडे अंधार होतो.

'डर्टी काऊ' नावाने गाजलेली चूक अशीच होती. दोन कामे नेमक्या एकाच क्षणी आली, तरच ती उघडी पडे. २००७ साली लिनक्समध्ये शिरलेली ही चूक दुरुस्त झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये. शेकडो तज्ज्ञ तिच्यावरून रोज ये-जा करत होते!

मग गाभा लहानच का ठेवू नये? अॅमस्टरडॅमच्या प्रा. अँड्र्यू टॅननबॉम यांनी १९९२ मध्ये टोरवाल्ड्सशी याच मुद्द्यावर जाहीर वाद घातला. त्यांचे म्हणणे, गाभ्यात अगदी थोडे ठेवा, बाकीचे दुभाषे ओसरीवर बसवा. एखादा पडला तरी घर पडणार नाही. टोरवाल्ड्स यांचा कल व्यवहाराकडे होता. ओसरी आणि माजघर यांच्यात निरोपांची ये-जा वाढली, की काम मंदावते.

लहान गाभ्याचे मोल ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. 'एसईएल-फोर' या कर्नेलचे सी भाषेतले काम ठरल्या बरहुकूम चालते, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. ओळी होत्या सुमारे ८,७००. पुरावा मात्र गेला दोन लाख ओळींच्या घरात! हाच हिशेब चार कोटींना लावून पाहा, म्हणजे सगळे सिद्ध करणे का शक्य नाही ते ध्यानात येईल.

उरतो तो गृहिणीचा जुना उपाय, अडगळ काढण्याचा. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सने ३८६ या जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकला. त्याच्यासाठी ठेवलेल्या जुन्या सोयी प्रत्येक नव्या बदलात आडव्या येत होत्या. टोरवाल्ड्स यांनी लिनक्स प्रथम लिहिला तो ३८६ च्याच यंत्रावर. म्हणजे ज्या पाळण्यात बाळ वाढले, तोच माळ्यावरून खाली काढून निरोप द्यायचा. माळा आवरताना अशा वस्तूपाशी आपलाही हात अडतोच की!