क्रियापद नेमकं तुटतं कुठं?

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या कडेचा तालुका. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. मुकुटबन, पाटण या मोठ्या गावांच्या आजूबाजूला कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. पोडावर बोलतात ती कोलामी म्हणजे गोंडीचीच बोली, असं आपल्याकडे सर्रास समजतात. ते खरं नाही. दोन्ही द्राविडी असल्या तरी कोलामीची शाखा वेगळी. नायकी आणि बस्तरकडची परजी तिला जास्त जवळच्या. 2011च्या जनगणनेत तिचे भाषक देशभरात सव्वा लाखाहून थोडे अधिक भरले.

‘तो आला’ याला कोलामी म्हणते ‘अम्द वत्तेन’. ‘ती आली’ याला ‘अद वत्तिन’. यातलं ‘वत्त्‌’ येण्याच्या क्रियेचं भूतकाळी अंग. ‘एन’, ‘इन’ हे प्रत्यय. व्याकरणकार ‘वत्त्‌-एन’ असा छेद देणार. पण हेच तोंडाने सावकाश म्हणून पाहा. कानाला ‘वत्‌-तेन’ ऐकू येतं. जोड तकाराचे दोन तुकडे होतात. एक मागे राहतो, दुसरा प्रत्ययाच्या स्वराला जाऊन चिकटतो. देवनागरीत लिहायला बसलं की तिसरीच तोड: व, त्ते, न. त्यातही कोलामीतला ‘ए’ ऱ्हस्व आणि दीर्घ असा दुहेरी, आपल्याकडे मात्रा एकच. म्हणजे ‘वत्तेन’मधला आखूड ‘ए’ लिहिण्याची मराठी लेखनात सोयच नाही.

मराठीतही हे रोज घडतं, फक्त लक्षात येत नाही. ‘बसला’मध्ये धातू आणि उच्चार एकाच जागी तुटतात: बस-ला. वऱ्हाडी ‘करजो’ही तसंच, कर-जो. ‘बसीन’मध्ये मात्र धातू ‘बस’ असून जीभ म्हणते ब-सीन. कारण साधं आहे. प्रत्यय स्वराने सुरू झाला की आधीचं व्यंजन तो आपल्याकडे ओढतो.

फ्रेंचमध्ये ही ओढाताण टोकाला जाते. ‘आम्ही बोलतो’ला तिथे ‘नू पार्लों’. धातू ‘पार्ल’, प्रत्यय ‘ओं’, उच्चार पार्‌-लों, ‘बसीन’चाच प्रकार. पण मी, तू, तो, ते यांची वर्तमानकाळी रूपं कागदावर निरनिराळ्या प्रत्ययांची असली तरी कानाला सगळी नुसती ‘पार्ल’. म्हणून फ्रेंच माणसाला सर्वनाम टाळता येत नाही. प्रश्न विचारताना क्रियापद आणि ‘इल’ (तो) यांच्यामध्ये तर एक उपरा ‘त’ घालतात, ‘पार्ल-तिल?’, ज्या क्रियापदांच्या शेवटी मुळातच ‘त’ असतो त्यांच्या प्रश्नरूपांच्या धर्तीवर.

कोलामीत प्रत्यय ठणठणीत ऐकू येतो. ‘वत्तेन’ म्हटलं की पुरुष आला हे सर्वनामाविना कळतं. ‘वत्तिन’मध्ये मात्र बाई येते, बैल येतो आणि पाऊसही येतो, पुरुष एकीकडे, बाकी सगळं जग दुसरीकडे. याला निव्वळ पुरुषी अहंकार म्हणायची घाई नको. तेलुगूतही एकवचनात अशीच वाटणी आहे, आणि ती द्राविडी भाषांत फार जुनी मानली जाते.

कोलामीचं हे सारं नीट मांडलं गेलं ते भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांच्या 1955 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापलेल्या ग्रंथात. त्याआधी 1950 मध्ये सेतुमाधवराव पगडींचं कोलामी व्याकरण आलं होतं. मराठी वाचक पगडींना शिवकाळाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. निजामाच्या राज्यात नोकरी करताना त्यांनी पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद भागातली ही भाषा अभ्यासली होती.