लेसर कितीही मोठा असो, कस लागतो बीमलाइनचा

गोंदियाच्या बांध्यांमध्ये धान हिरवेगार उभे असते, तेव्हा त्याच्या प्रत्येक पानात सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्याचे रेणू फोडण्याचे काम चालू असते. ते काम मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अणू असलेला एक इवलासा पुंजका करतो. मँगनीज पायरीपायरीने इलेक्ट्रॉन कसे सोडते, हे पाहायला सुमारे 640 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे मृदू क्ष-किरण लागतात. पण क्ष-किरणांच्या सततच्या माऱ्याने हा नाजूक पुंजका तपासता तपासताच बिघडतो. वेगवान इलेक्ट्रॉनांपासून किरण निर्माण करणाऱ्या मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरचा झोत काही फेम्टोसेकंदच टिकतो, म्हणजे सेकंदाचे हजार लाख कोटी भाग केले तर त्यातले मोजके भाग. त्यामुळे बिघाड व्हायच्या आत माहिती हाती येते. कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस लेसरवर जिवाणूंमधल्या अशाच पुंजक्याची तपासणी झालेली आहे.

बातमी होते ती यंत्राच्या आकाराची. 2009 मध्ये सुरू झालेला एलसीएलएस सेकंदाला 120 झोत देत असे. सप्टेंबर 2023 मध्ये कार्यान्वित झालेल्या त्याच्या अतिवाहक आवृत्तीची क्षमता दहा लाखांची आहे. तरीही प्रयोगाचे यश ठरते ते बीमलाइनवर, म्हणजे झोत नमुन्यापर्यंत नेणाऱ्या मार्गावर. मृदू क्ष-किरण हवेतच शोषले जातात, म्हणून सगळा मार्ग निर्वात ठेवावा लागतो. आरशावर ते जेमतेम एक-दोन अंशांच्या कोनात पडले तरच परावर्तित होतात, आणि उरल्यासुरल्या वायूतला कार्बन त्या आरशावर साचला की 284 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे प्रकाश गिळू लागतो. ठरावीक ऊर्जा निवडणाऱ्या, बारीक रेघा कोरलेल्या ग्रेटिंगची अडचण याहून मूलभूत आहे. त्याची प्रत्येक उजळलेली रेघ झोताला एका तरंगलांबीइतका ताणते. 2 नॅनोमीटरचा प्रकाश 10,000 रेघांवर पडला की झोत 20 मायक्रोमीटर, म्हणजे सुमारे 67 फेम्टोसेकंद लांबतो. ऊर्जा नेमकी हवी असेल तर वेळेची नेमकी नोंद सोडावी लागते. झोतांची संख्या वाढली की आरसे तापून त्यांचा आकार बदलतो. मग ते थंड ठेवण्याची सोय नव्याने करावी लागते. लेसर वाढवून बीमलाइन जुनीच ठेवली, तर खर्च वाया जातो.

भारतात असा क्ष-किरण लेसर नाही, मग आपल्याला याचे काय, असे कोणी विचारील. पण इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात 1999 पासून इंडस-1 हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून किरण मिळवणारे यंत्र, आणि त्यानंतर 2.5 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचा इंडस-2 चालतो, आणि दोन्हींवर मृदू क्ष-किरणांच्या बीमलाइन आहेत. इंडसचे झोत लांब असतात, फेम्टोसेकंदांची हालचाल त्यांत दिसणार नाही, हा आक्षेप खराच आहे. मात्र निर्वात मार्ग, आरसे, ग्रेटिंग यांची विद्या तीच आहे, आणि ती यंत्रासोबत विकत मिळत नाही. अवरक्त किरणांचा मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरही याच केंद्राने उभारला आहे. पैसे आधी सिंचनाला द्या, हे म्हणणे धान पिकवणाऱ्या जिल्ह्यात सहज पटते. म्हणूनच हजारो कोटींच्या नव्या यंत्राआधी हाती असलेल्या बीमलाइन सुधारणे मला शहाणपणाचे वाटते. इंडस देशभरातल्या विद्यापीठांच्या संशोधकांना खुला आहे. गोंदियातल्या महाविद्यालयांनी आपले भौतिकशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी तिथे जरूर पाठवावेत.