पराभूत संघातून घडले पाच प्रशिक्षक

तारीख १४ जून २००२. दक्षिण कोरियातील इंचॉन येथे विश्वचषकाच्या साखळी लढतीत यजमानांनी पोर्तुगालला १-० असे नमविले. पार्क जी सुंगच्या गोलने पोर्तुगालचे आव्हान संपुष्टात आले. दोन खेळाडूंना लाल कार्ड मिळाले आणि लुईस फिगोच्या 'सुवर्ण पिढी'वर मायदेशात टीकेची झोड उठली. मात्र पराभूत झालेल्या त्या अकरा जणांकडे आज पाहिले, तर वेगळेच चित्र दिसते. जॉर्ज कोस्टा, रुई जॉर्ज, पाउलो बेंतो, पेतित आणि सर्जिओ कोन्सेसाओ हे पाच जण पुढे मुख्य प्रशिक्षक झाले.

या यादीत फिगोचे नाव नाही, हे लक्षणीय आहे. १९९१ मध्ये कुमारांचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातील फिगो आणि रुई कोस्टा हे सर्वांत गुणवान खेळाडू. त्यांपैकी फिगोने २०१५ मध्ये 'फिफा'च्या अध्यक्षपदासाठी उमेदवारी जाहीर केली आणि नंतर मागे घेतली, तर रुई कोस्टा २०२१ मध्ये बेन्फिका क्लबचे अध्यक्ष झाले. डगआउटकडे वळले ते प्रामुख्याने बचाव फळीतील आणि मधल्या फळीतील कष्टकरी खेळाडू. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. निसर्गदत्त कौशल्याच्या बळावर सामना फिरविणाऱ्या खेळाडूला आपण ते कसे केले, हे दुसऱ्याला शिकविणे अवघड जाते. याउलट, सहकाऱ्यांच्या जागा हेरून चुका सावरणे हेच ज्याचे काम, तो खेळत असतानाच खेळ वाचायला शिकतो.

विद्यापीठाचा वाटा

केवळ अनुभवावर विसंबून न राहता अभ्यासाची जोड देण्याची परंपरा पोर्तुगालमध्ये जुनी आहे. अर्तुर जॉर्ज हे तिचे ठळक उदाहरण. १९७०-७१ आणि १९७१-७२ अशा सलग दोन मोसमांत पोर्तुगीज लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या या आघाडीपटूने जर्मन भाषाशास्त्राचे शिक्षण घेतले होते. प्रशिक्षणाचे धडे त्यांनी पूर्व जर्मनीतील लाइपझिग येथे गिरविले. १९८७ मध्ये व्हिएन्नात त्यांच्या पोर्तो संघाने बायर्न म्युनिकला २-१ असे हरवून युरोपीय करंडक जिंकला. हा मान मिळविणारे ते पहिले पोर्तुगीज प्रशिक्षक ठरले.

पुढे पोर्तो विद्यापीठातील व्हितोर फ्रादे यांनी सरावाची नवी पद्धत मांडली. धावण्याचा व्यायाम वेगळा, डावपेच वेगळे, अशी विभागणी त्यांना मान्य नव्हती. प्रत्येक सराव चेंडूसह आणि संघाच्या खेळण्याच्या पद्धतीशी जोडलेला असावा, हे त्यांचे सूत्र. खेळाडू म्हणून फारसे नाव न कमावलेल्या जोस मॉरिन्हो यांनी हाच मार्ग धरून २००३ मध्ये 'युएफा कप' आणि २००४ मध्ये चॅम्पियन्स लीग पोर्तोला जिंकून दिली. त्या पोर्तोचा कर्णधार होता जॉर्ज कोस्टा. राखीव गोलरक्षक नुनो एस्पिरितो सान्तो यांनीही पुढे प्रशिक्षक होऊन २०१८ मध्ये वुल्व्ह्जला इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये नेले.

परवान्याचा पेच

या वाटेवर नामवंत खेळाडूलाही सवलत नाही. युरोपात वरच्या श्रेणीत प्रशिक्षक होण्यासाठी टप्प्याटप्प्याने परवाने मिळवावे लागतात. बेन्फिकाचा माजी मध्यरक्षक रुबेन अमोरिम २०१८ मध्ये कासा पिया या छोट्या क्लबकडे आला, तेव्हा आवश्यक परवाना नसताना सूचना दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. मात्र मार्च २०२० मध्ये त्याच अमोरिमसाठी स्पोर्टिंग लिस्बनने ब्रागा क्लबला सुमारे एक कोटी युरो मोजण्याची तयारी दाखविली. संघाने २०२१ मध्ये १९ वर्षांनी लीगचे विजेतेपद मिळविले आणि हा सौदा सार्थ ठरला. खेळाडू विकून तग धरणाऱ्या पोर्तुगीज क्लबांना आता प्रशिक्षकांचेही मोल मिळू लागले आहे.

या पाच जणांमध्ये क्लबस्तरावर सर्वाधिक यश कोन्सेसाओला मिळाले. त्याने २०१८, २०२० आणि २०२२ मध्ये पोर्तोला लीगचे विजेतेपद मिळवून दिले. रुई जॉर्जच्या २१ वर्षांखालील संघाने २०१५ आणि २०२१ मध्ये युरोपीय स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. करंडक मात्र दोन्ही वेळा हुकला.

मुंबईशी नाते

जॉर्ज कोस्टाची वाट अधिक खडतर होती. सायप्रस, रुमानिया आणि गॅबनचा राष्ट्रीय संघ असा प्रवास करून तो २०१८ मध्ये मुंबई सिटी एफसीचा प्रशिक्षक झाला. अंधेरीच्या मैदानावर सराव घेणारा हा धिप्पाड माणूस युरोपविजेत्या संघाचा कर्णधार होता, हे अनेक प्रेक्षकांच्या गावीही नव्हते. पहिल्याच मोसमात त्याने संघाला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत नेले. तेथे एफसी गोवाने मुंबईला त्यांच्याच मैदानावर ५-१ असे हरविले. परतीच्या लढतीत गोव्यात मिळविलेला १-० विजय पुरेसा ठरला नाही. २०२० मध्ये त्याने मुंबई सोडली. ५ ऑगस्ट २०२५ रोजी पोर्तोच्या सराव केंद्रात हृदयविकाराच्या झटक्याने तो कोसळला आणि त्याचे निधन झाले. तेव्हा तो ५३ वर्षांचा होता आणि क्लबच्या फुटबॉल विभागाचा संचालक म्हणून काम पाहत होता.

इंचॉनच्या त्या पराभवाचे वर्तुळ पूर्ण केले ते बेंतोने. २ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील विश्वचषकात दक्षिण कोरियाने पोर्तुगालला २-१ असे हरवून बाद फेरी गाठली. कोरियाचा प्रशिक्षक होता पाउलो बेंतो! आधीच्या सामन्यातील लाल कार्डामुळे त्याला ही लढत प्रेक्षकांत बसून पाहावी लागली. वीस वर्षांपूर्वी ज्या संघाने त्याला घरी धाडले, त्याच संघाला त्याने आपल्या मायदेशाविरुद्ध जिंकायला शिकविले होते.