त्रैराशिक आणि संकेतस्थळावरील गर्दी

त्रैराशिकाचा पाठ चालू असतां "याचा पुढें उपयोग काय?" हा प्रश्न वर्गांत हमखास निघतो. शालान्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं ज्या संकेतस्थळाकडे तुम्ही व तुमचे आईबाप डोळे लावून बसतां, त्याच्या व्यवस्थेच्या मुळाशीं हेंच गणित आहे.

संकेतस्थळावरील पानें जीं यंत्रें आपणांस पाठवितात त्यांस सर्व्हर म्हणतात. समजा, दर सेकंदास ८०० मागण्या पुरविण्यास ४ सर्व्हर लागतात, तर ३,००० मागण्यांस किती लागतील? ४ × ३,००० ÷ ८०० = १५. उत्तर बरोबर आहे. परंतु जो येथेंच थांबेल तो फसेल.

कारण हे १५ सर्व्हर क्षणाचीही उसंत न घेतां राबतील तेव्हांच पुरे पडतील. पोस्टाच्या खिडकीचा दाखला घ्या. माणसें कांहीं ठराविक अंतरानें येत नाहींत, व सर्वांचीं कामें सारखींही नसतात. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर मनुष्यास रांगेसह सरासरी कामाच्या दुप्पट वेळ लागतो. ती शेंकडा ९० वेळ गुंतली, कीं दसपट! गर्दी दुप्पटही झाली नाहीं, वेळ मात्र पांचपट झाला. या शास्त्राचा पाया डेन्मार्कच्या एर्लांग यांनीं १९०९ सालीं टेलिफोनवरील निबंधानें घातला. तेही पूर्वी शाळामास्तरच होते.

म्हणून शहाणा योजक प्रत्येक सर्व्हरवर शेंकडा ६० च भार धरतो. म्हणजे २०० ऐवजीं १२० मागण्या; आणि ३,००० ÷ १२० = २५ सर्व्हर.

शिवाय मूळ अंदाजच चुकला तर त्रैराशिक काय करणार? अमेरिकेंत १ ऑक्टोबर २०१३ रोजीं आरोग्यविम्याचें सरकारी संकेतस्थळ उघडलें. एका वेळीं ५० ते ६० हजार लोक येतील असा अंदाज होता. आले अडीच लाखांपर्यंत. यंत्रणेंत इतर दोषही होतेच. पहिल्या दिवशीं अवघ्या ६ जणांची विम्यासाठीं नोंदणी पुरी झाली. ताटकळलेल्यांत विम्यावांचून दिवस काढणारे गोरगरीबही होते.

बुरूज बांधूं इच्छिणारानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभु येशूचा दाखला तुम्हांस ठाऊक आहे. त्रैराशिक हा असाच हिशेब होय. मात्र सरासरी दिवसाचा नव्हे, तर सर्वांत गर्दीच्या घटकेचा आंकडा मांडा, आणि आलेल्या उत्तरांत थोडी मोकळी जागा ठेवा. गणिताच्या वहींत चूक झाली तर गुण जातात; येथें चूक झाली तर माणसें दाराशीं खोळंबतात.