अश्वपतन : निदान आणि इतिहास

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात वातव्याधीची कारणे सांगताना आचार्यांनी मर्माघाताच्या पाठोपाठ हत्ती, उंट, घोडा व शीघ्र यान यांवरून पडण्याचा वेगळा उल्लेख केला आहे. हे पद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते. पुढे मात्र ते विस्मरणात जाते, कारण घोड्यावरून पडलेला रुग्ण आता आपल्या दवाखान्यात येत नाही. ज्या नागपूरकर भोसल्यांचे घोडदळ १७४२ मध्ये बंगालपर्यंत जाऊन पोहोचले, त्यांच्या राजधानीत आज घोडा उरला तो लग्नाच्या वरातीत आणि झिरो माइलच्या स्तंभाशेजारी पुतळ्याच्या रूपाने. परंतु त्याच पदातील ‘शीघ्र यान’ वर्धा रोडवर अहोरात्र धावत आहे आणि त्यावरून पडलेले रुग्ण आपल्याकडे रोज येत आहेत. म्हणूनच या जुन्या पतनांकडे वैद्याच्या दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटले. घोडा हे सत्तेचे वाहन असल्याने पडणाऱ्यांत राजे आणि सेनापती असत व त्यांच्या पडण्यानंतरच्या दिवसांची नोंद राहत असे. सामान्य शिलेदार पडला तर ते कोण लिहून ठेवणार?

आपल्या इतिहासातील सर्वांत बोधक उदाहरण महादजी शिंदे यांचे आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौज मोडली तेव्हा महादजी आपल्या दख्खनी घोडीवरून दक्षिणेकडे निघाले. एक अफगाण स्वार जाडजूड, सुस्त दिसणाऱ्या घोड्यावरून त्यांच्या मागे लागला. घोडी चपळ होती, पण दूरच्या पल्ल्यात ती थकली आणि एका खंदकात कोसळली. मागून आलेल्या स्वाराने महादजींच्या गुडघ्यावर वार केला, अंगावरचे किडूकमिडूक काढून घेतले आणि त्यांना तेथेच टाकून तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना पाहिले, आपल्या बैलावर घातले आणि सुरक्षित स्थळी पोहोचवले. प्राण वाचले, पाय मात्र जन्माचा अधू झाला.

या एका बचावाचे मोल समजण्यासाठी शिंद्यांच्या घराण्याकडे पाहावे. राणोजींच्या पुत्रांपैकी जयाप्पा १७५५ मध्ये नागोरास मारले गेले, दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले, तुकोजी पानिपतावर कामी आले. जयाप्पांचे पुत्र जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. उरले ते लंगडे महादजी. याच पुरुषाने १७७२ मध्ये शाह आलम बादशहास दिल्लीच्या तख्तावर पुन्हा बसविण्यात पुढाकार घेतला, १७८२ चा सालबाईचा तह घडवून आणला आणि १७८४ मध्ये वकील-इ-मुतलक हे पद मिळवले. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचे निधन झाले. जखम झाल्यापासून तेहेतीस वर्षे! राणेखानास त्यांनी ‘भाई’ म्हटले आणि सरदारी दिली. जखमीला वेळेवर उचलून नेणाऱ्याचा असा सन्मान क्वचितच झाला असेल.

आता शारीरस्थानाचा सहावा अध्याय आठवावा. जंघा आणि ऊरू यांच्या संधीवरील जानु हे सुश्रुताचार्यांनी वैकल्यकर मर्मांत गणले असून त्याच्या आघाताचे फल एकाच शब्दात सांगितले आहे : खंजता. १०७ मर्मांपैकी ४४ वैकल्यकर आहेत, म्हणजे त्यांच्या आघाताने प्राण जात नाहीत, अंग निकामी होते. महादजींचे पुढील आयुष्य हे या एका शब्दाचे भाष्यच होय. भग्नचिकित्सेत तरुण वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ संधी स्थिर होण्यास लागतो असे सांगितले आहे, तसेच थंड ऋतूत सात दिवसांनी, साधारण ऋतूत पाच दिवसांनी व उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बंध बदलावा असा निर्देश आहे. भग्नस्थानी पाक होऊ नये यासाठी वैद्याने झटावे, हा तेथील आग्रह तर आजच्या शल्यगृहातही तितकाच लागू आहे. जानेवारीच्या थंडीत उघड्या जखमेसह बैलाच्या पाठीवरून झालेल्या त्या प्रवासात पाक टळला नसता तर वरील सनावळी लिहिण्याची वेळच आली नसती.

गुडघ्याचे हे झाले. उराचा आघात मात्र निराळ्या जातीचा आहे. १२१० मध्ये लाहोर येथे चौगान खेळताना कुतुबुद्दीन ऐबक घोड्यासह कोसळला आणि खोगिराचा पुढचा उंचवटा त्याच्या छातीत घुसला, तो दगावला आणि पुढे दिल्लीची सत्ता इल्तुतमिशकडे गेली. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचा घोडा १७०२ च्या फेब्रुवारीत चिचुंदरीसारख्या एका प्राण्याने उकरलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर अडखळला. दिसायला मोडले ते केवळ गळ्याजवळचे हाड, म्हणजे अक्षकास्थी. पण फुप्फुसाचा दाह होऊन सुमारे पंधरा दिवसांनी, तेथील जुन्या कालगणनेनुसार ८ मार्च रोजी, राजा मरण पावला. (त्याचे विरोधक पुढे त्या बिळातल्या प्राण्याच्या नावाने मद्याचे पेले उंचावीत असत, असे सांगतात.) त्याच देशाचे माजी पंतप्रधान रॉबर्ट पील २९ जून १८५० रोजी लंडनमध्ये घोड्यावरून पडले, घोडा त्यांच्या अंगावर आला आणि २ जुलै रोजी त्यांचा अंत झाला. अक्षकास्थी त्यांचीही मोडली होती, शिवाय बरगडीही.

सद्यःप्राणहर मर्माचा घात सात रात्रींच्या आत, तर कालांतरप्राणहर मर्माचा घात पंधरवड्यात किंवा महिन्याभरात प्राण घेतो, असे सुश्रुतवचन आहे आणि उरावरील स्तनमूल, स्तनरोहित, अपलाप व अपस्तंभ ही मर्मे दुसऱ्या वर्गात आहेत. पीलचे तीन दिवस आणि विल्यमचा पंधरवडा या चौकटीत नेमके बसतात. पण अशा जुळणीवर आम्ही फार भार देऊ इच्छीत नाही, दोन उदाहरणांनी नियम सिद्ध होत नाही. महत्त्वाचे ते हे की, हाड मोडलेले दिसले म्हणजे दुखापत तेवढीच, ही समजूत आचार्यांनी कधीच मान्य केली नव्हती. चरकांच्या क्षतक्षीण अध्यायात उंचावरून पडणे, धावत्या घोड्यास वा बैलास बळाने आवरणे ही उरःक्षताची कारणे म्हणून सांगितली आहेत, ती याच कारणाने.

कोल्हापूरची घटना याहून जवळची. राजर्षी शाहू छत्रपतींचे धाकटे पुत्र शिवाजी जून १९१८ मध्ये रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून मृत्यू पावले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा बारा वर्षांच्याही नव्हत्या. शोकग्रस्त पित्याने घराण्यातील विरोध न जुमानता या सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळी येथे केली. आदल्याच वर्षी, १९१७ मध्ये, विधवा पुनर्विवाहाचा कायदा करणाऱ्या राजाच्या स्वतःच्या घरात हा प्रश्न येऊन उभा राहिला होता. इंदुमतीदेवींनी पुढे कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचे मोठे कार्य केले.

न पडताही घोडा शरीरास उपद्रव देतोच. अर्शाच्या निदानात पृष्ठयान, भगंदराच्या निदानात अश्वपृष्ठ, वातरक्ताच्या निदानात घोडा व उंट यांवरील प्रवास, ही कारणे सर्वपरिचित आहेत. दिवसभर दुचाकीवर माल पोहोचवणाऱ्या तरुणाची ‘पृष्ठयान’ म्हणून नोंद कितीजण करतात?

औषधालयाच्या मालकबंधूंशी येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. गाडीवरून पडलेला मनुष्य पुष्कळदा वैद्याकडे न जाता प्रथम दुकानाच्या फळीपाशी येतो आणि लाक्षादी गुग्गुळाची डबी व चोळण्यास तेल मागतो. लाक्षा, अस्थिसंहारी, अर्जुन, अश्वगंधा, नागबला व गुग्गुळ यांचा हा योग उत्तमच आहे, पण त्याचे स्थान निदानानंतरचे आहे. श्वास घेताना छातीत कळ येते काय, थुंकीत रक्त आहे काय, पोट दुखते वा अंग पांढरे पडते काय, पडल्यावर शुद्ध हरपली वा उलटी झाली काय, पाय बधिर आहेत वा लघवी अडली आहे काय, हे विचारण्यास दोन मिनिटे लागतात. यांपैकी एकही उत्तर होकारार्थी आले तर विक्री थांबवून त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. मान वा पाठ दुखत असेल तर त्यास चालवू नये, हलवू नये. ताज्या सुजेवर क्ष-किरण चित्र पाहिल्याशिवाय मर्दन करू नये. न्यग्रोधादी कषायाचा शीत परिषेक संहितेतच सांगितला आहे आणि चोळण्यापेक्षा तो पुष्कळ निर्धोक आहे.

जुन्या पतनाचा प्रश्न मात्र वैद्यांचा. कटिशूल, गृध्रसी किंवा एकाच गुडघ्याचा संधिवात घेऊन आलेल्या रुग्णास ‘पूर्वी कधी पडला होतात काय’ असे विचारल्यास तो सहसा नाही म्हणतो. ‘गाडीवरून, झाडावरून, बैलगाडीवरून?’ असे एकेक नाव घेऊन विचारले की वीस वर्षांपूर्वीची हकिकत निघते.

आणि त्या हकिकतीबरोबर झोपेचीही चौकशी करावी. चरकांच्या ज्या यादीत अश्वपतन आहे, त्याच यादीत भयही आहे. माळव्याचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन माल्कमने नोंदवून ठेवले आहे की, महादजींना उत्तरायुष्यातही स्वप्नात तो अफगाण स्वार आणि त्याचा तो बोजड घोडा दिसत असे, आणि त्याच्या पुढे धावणारी आपली दख्खनी घोडी.