गाडीचं नाव नको, माप सांगा!

जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचा ब्रेक किंवा सस्पेन्शनचा पार्ट बसवता येतो. पण ‘बसतंय’ आणि ‘चालतंय’ यात फरक आहे. जुनी गाडी उभी करायचं खूळ डोक्यात असेल, तर बाजारात जायच्या आधी हे वाचाच.

आजोबांची पद्मिनी गावच्या घरी ताडपत्रीखाली पडून आहे. तुम्ही चार मित्रांनी ठरवलंय, दिवाळीच्या सुट्टीत तिला रस्त्यावर आणायचंच. कार्बोरेटर साफ झाला, नवी बॅटरी आली, इंजिन एकदाचं धडधडलं. स्टेटसही टाकून झालं! छान. आता मुद्द्याचं विचारू? ती थांबते का?

जुन्या गाडीची खरी परीक्षा इथे सुरू होते. तुम्ही दुकानात जाऊन ‘पद्मिनीचा व्हील सिलिंडर आहे का?’ असं विचारता. काउंटरमागचे काका मान हलवतात आणि म्हणतात, ‘पद्मिनीचा नाही, पण दुसऱ्या गाडीचा बसतो. घेऊन जा, बसतंय!’ काका कदाचित शंभर टक्के बरोबर असतील. पण ते तपासायचं कसं, हे तुम्हाला यायला हवं. कारण इथे चूक झाली तर रेडिओसारखी खरखर होत नाही, गाडी समोरच्यावर जाते.

आधी घराणं शोधा

कोणतीही जुनी गाडी एकटी नसते, तिला भावंडं असतात. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११०० डी. १९६४ मध्ये ती ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आपल्याकडे आली आणि पुढे नावं बदलत पद्मिनी झाली. अ‍ॅम्बेसेडरचं माहेर ब्रिटनमधली मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री. घराणं कळलं की शोधाचं मैदान एकदम मोठं होतं. वेगळ्या नावाच्या, वेगळ्या वर्षाच्या, अगदी वेगळ्या देशातल्या गाडीतही तुमचा पार्ट सापडू शकतो.

पण भावंडांचा स्वभाव वेगळा असू शकतो, हेही विसरू नका. फियाट १२४ आणि रशियातली लाडा २१०१ शेजारी उभ्या करा, जुळ्या बहिणी वाटतील. मूळ १२४ ला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. लाडा बनवताना तिथल्या खराब रस्त्यांचा विचार करून मागच्या चाकांना ड्रम दिले आणि सस्पेन्शनमध्येही बदल केले. चेहरा तोच, ब्रेक वेगळे. त्यामुळे मॉडेलच्या नावाबरोबर वर्ष आणि चासी नंबरही टिपून ठेवा. गाडी बनत असताना कंपन्या गुपचूप पार्ट बदलत असतात.

पार्टवरचे आकडे वाचा

गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. ब्रेक एकाकडून येतात, शॉकअप दुसऱ्याकडून, बेअरिंग तिसऱ्याकडून. आणि तोच पुरवठादार इतर गाड्यांनाही माल देत असतो. म्हणून जुना पार्ट काढला की आधी चिंधीने पुसा आणि त्यावर ओतलेला किंवा ठोकलेला नंबर शोधा. तो नंबर ही तुमची खरी किल्ली.

बेअरिंगचंच बघा. त्यावर ६२०४ लिहिलं असेल तर आतला व्यास २० मिमी, बाहेरचा ४७ आणि जाडी १४. जगात कुठेही जा, हेच माप. ते गाडीत आहे की पाण्याच्या मोटारीत, याच्याशी बेअरिंगच्या दुकानदाराला देणंघेणं नसतं. ऑइल सीलवर तर बऱ्याचदा मापच छापलेलं असतं. ‘३५-५२-७’ म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. गाडीचं नाव सांगून ‘नाही मिळणार’ असं ऐकावं लागतं, तीच वस्तू नंबर सांगितला की पाच मिनिटांत काउंटरवर येते!

बसतंय, पण...

आता अकरावीतलं फिजिक्स आठवा. पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी व्यासाच्या व्हील सिलिंडरच्या जागी सात अष्टमांश इंची, म्हणजे साधारण २२.२ मिमीचा बसवला. दिसायला जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक. पण जोर क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. म्हणजे तेवढ्याच दाबाला ३६ टक्के जास्त जोर. ‘मग चांगलंच की!’ असं वाटेल. हा मोठा सिलिंडर मागच्या चाकांना लागला असेल, तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरते. एकाच बाजूला लागला, तर गाडी त्या बाजूला ओढते. म्हणून ब्रेकचा पार्ट बदलायचा तर डावा-उजवा जोडीनेच.

स्प्रिंगचं गणित याहून कडक आहे. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. १२ मिमीच्या तारेऐवजी १३ मिमीची आली आणि बाकी सगळं तसंच असलं, तरी स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. उंची जुळली म्हणजे स्प्रिंग जुळली असं होत नाही. गाडी खाली बसवायला वेढा कापून टाकणाऱ्यांनीही ऐकून ठेवा. वेढे कमी झाले की स्प्रिंग आणखी कडक होते आणि चाकाला वर यायला जागा कमी उरते. अ‍ॅम्बेसेडरवाल्यांना वेगळी सूचना. पुढच्या टॉर्शन बारची डावी-उजवी अदलाबदल करू नका. ज्या दिशेने पीळ सोसायला तो बार तयार केलेला असतो, त्याच दिशेने तो टिकतो.

सगळ्यात फसवे असतात आटे. ब्रिटिश वंशाच्या जुन्या गाडीत ब्रेक पाइपच्या नटाचे आटे इंचाच्या मापाचे असू शकतात, इतर अनेक गाड्यांत मेट्रिक. तीन अष्टमांश इंची नट १० मिमीच्या भोकात थोडा फिरतो, ‘बसला’ असं वाटतं, आणि पायाचा पूर्ण जोर आला की आटे सोडतो. हाताने सहज फिरत नसेल किंवा डुगडुगत असेल, तर तो नट तुमचा नाही. पाना लावून जबरदस्ती करू नका.

जुनं काय चालेल, नवं काय हवं?

भंगार बाजारातून हब, ब्रॅकेट, ड्रम घ्यायला हरकत नाही. अट एकच, तडा नको आणि ड्रमचा आतला व्यास झीज-मर्यादेच्या आत हवा. पण रबर जुनं घ्यायचं नाही. सिलिंडरचे कप, ब्रेकचे होज पाइप, बुश हे न वापरलेले असले तरी वर्षानुवर्षं पडून कडक होतात. ब्रेकचे कप पेट्रोलने धुऊ नका, साधं ग्रीसही लावू नका. रबर फुगतं. ब्रेक ऑइल नव्या डब्यातलंच घ्या, कारण उघडा डबा हवेतला ओलावा ओढतो. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शिरल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो. घाटात ब्रेक तापले की हा फरक पायाला कळतो. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही.

आणि हो, जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

बाजारात जाताना

• जुना पार्ट सोबत न्या. फोटोवर भागत नाही.
• व्हर्निअर कॅलिपर खिशात असू द्या. व्यास, लांबी, भोकांमधलं अंतर मोजा.
• पार्टचा नंबर, गाडीचं वर्ष आणि चासी नंबर वहीत लिहा. बसलेल्या पार्टचाही नंबर टिपा.
• सस्पेन्शनचा आर्म वाकलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल, तर फुकट मिळाला तरी नको.
• काम झालं की पेडल दाबून एक मिनिट धरा. पाय हळूहळू खाली गेला, तर गाडी हलवायची नाही.
• पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, बैलगाडीच्या वेगाने. त्याआधी ब्रेकचं काम अनुभवी मेकॅनिकला दाखवा.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा मुंबईतला प्रवास थांबला. हजारो टॅक्सी धावत होत्या तेव्हा त्यांचे पार्ट बनवायला आणि विकायला कारण होतं. पुढे ते कमी कमी होत जाणार. कोणता पार्ट कशाला चालतो, हे ज्या मिस्त्रींच्या डोक्यात आहे, ते बहुतेक कुठे लिहिलेलं नाही. तुमच्या हातात वही आणि व्हर्निअर आहे. त्यांच्याशेजारी बसा, विचारा, मोजा, लिहून घ्या. पुढच्या कुणाला तरी तुमच्या वहीतला एक नंबर नेमका हवा असेल.